अश्विनी, तुझा देश आणि माझा देश

अश्वे,

परवा तुमच्या घोडेगावच्या घरी बसले होते, तेव्हा तुझ्या नात्यातल्या एका मावशींनी मला विचारलं, "तुमी कुनीकडच्या?" म्हटलं, अकोल्याकडची, भंडारदऱ्याची. "मग अश्विनीच्या कोन?" मैत्रीण म्हणायला तोंड उघडलं, पण तो शब्द काही केल्या पुरेना. शेवटी म्हणाले, "आम्ही एकमेकींच्या विरोधात बोलायचो." मावशींनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की तू तिथं असतीस तर ओढणी तोंडावर धरून बाहेर पळाली असतीस.

दुखवट्याला आलेले सगळे म्हणत होते, पोरगी शांत होती, सोशिक होती, कधी कुणाला उलटून बोलली नाही. मी मान खाली घालून ऐकत होते. तू शांत? भर सभेत मला अर्ध्यात तोडून "थांब मने, तू नुसती बोलतीयेस, ऐकत न्हाईस" असं सांगणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही. लोकांना तू शांत वाटलीस, कारण तू त्यांचं आधी ऐकून घ्यायचीस. नंतर काय करायचीस ते मला ठाऊक आहे.

नगरच्या होस्टेलवर आपण एका खोलीत होतो, आणि पहिलं वर्षभर जेमतेम बोललो. तुला पहाटे उठून अभ्यास करायची सवय, मला उशिरा उठायची. राज्यशास्त्राच्या मॅडमनी एक दिवस फळ्यावर "अभिरूप संयुक्त राष्ट्र सभा" असं लिहिलं आणि समजावून सांगितलं, की प्रत्येकानं एकेका देशाचा प्रतिनिधी व्हायचं. आपलं स्वतःचं मत काहीही असो, त्या देशाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्या देशांना आपल्याकडे वळवायचं, सगळ्यांनी मिळून ठराव लिहायचा आणि शेवटी मतदान. विषय होता एक नदी, तीन-चार देशांतून वाहणारी. देश चिठ्ठ्यांवर होते. मी भंडारदऱ्याच्या धरणाकाठच्या गावातली, मला आला नदीच्या शेवटाचा कोरडा देश. तू कालव्याच्या टेलची, जिथं पाणी पोचता पोचता संपतं तिथली, आणि तुला आला डोंगरातला धरणवाला देश.

तू चिठ्ठी घेऊन सरळ टेबलापाशी गेलीस. "मॅडम, ही बदलून द्या. मी धरनाची मालकीन झाले असं गावात कळलं तर घरात घेनार न्हाईत मला."

मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच बदलून देणार नाही."

त्या संध्याकाळी खोलीत तू पहिल्यांदा माझ्याशी नीट बोललीस. "मला तुझ्या गावाचं सांग," म्हणालीस. "आन् मी तुला माझ्या गावाचं सांगते. न्हाईतर दोघी खोटं बोलू."

मग तू उन्हाळ्यात आमच्याकडे आलीस. तुला वाटलं होतं, धरण उशाला म्हणजे घराघरात नळ असतील. प्रत्यक्षात माझी चुलती डोंगरातल्या झऱ्यावरून हंडा घेऊन येत होती, आणि मागे सगळं धरण उन्हात चमकत होतं. तू तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेतलास आणि विचारलंस, "काकू, येवढं पानी समोर असून?" चुलती म्हणाली, "ते आमचं न्हाई, बाय. आमी फकस्त बघायला." पुढच्या महिन्यात मी तुमच्याकडे आले. कालव्याला पाणी सुटल्याचं कळून तुझा भाऊ चारीवर जाऊन बसला होता. पाणी आलं, हाताच्या रुंदीएवढं, आणि वाफा अर्धा भिजेपर्यंत आटलंसुद्धा. तो कुणालाही शिव्या न देता फावडं खांद्यावर टाकून घरी आला. त्याचं ते न चिडणं मला फार लागलं.

कॉलेजच्या हॉलमध्ये तू धरणवाल्या देशाकडून उभी राहिलीस तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही आता आकडेवारी वाचणार. तू सांगितलंस, "आमच्या देशात धरण आहे. आमच्या देशात पाणी नाही." आणि माझ्या चुलतीचा हंडा, नाव न घेता, असा काही उभा केलास की मी, तुझी विरोधक, उत्तर द्यायला उठले आणि क्षणभर विसरले कुठल्या बाजूला आहे. मग मला तुझा भाऊ आठवला आणि मी बोलले. मॅडमनी आपल्या दोघींना पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला पाठवलं. विषय तोच, देश तेच.

पुण्याचं ते कॉलेज आठवतंय ना? सगळा कारभार इंग्रजीत. कोट घातलेली मुलं-मुली एकमेकांना आधीपासून ओळखणारी. सभा मधेमधे थांबवून मोकळं बोलायला वेळ देतात, खरी जुळवाजुळव तेव्हाच होते. पहिल्याच वेळेला त्यांनी गोल केले, आणि आपण पोचेपर्यंत गोल बंद झाले. मी एका गोलाच्या मागं टाचा उंच करून उभी होते. वळून पाहिलं तर तू नाहीस. तू भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसलेल्यांकडे गेली होतीस, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं. एकेकाच्या शेजारी बसत होतीस. तुझी इंग्रजी अडखळायची, पण तुला त्याची लाज नव्हती. "अडखळलं की समोरचा जास्त ध्यान देऊन ऐकतो," असं तू नंतर मला म्हणालीस.

प्रत्येकाला तू एकच प्रश्न विचारलास. काय मिळालं नाही तर तुला घरी तोंड दाखवता येणार नाही?

एक लहानखुरी मुलगी डोंगरातल्या एका छोट्या देशाची प्रतिनिधी होती. ती म्हणाली, आमची गावं धरणात बुडाली, त्यांचा ठरावात एका वाक्यात तरी उल्लेख हवा. बाकी तुम्ही म्हणाल ते. तिला काय हवंय, एवढं साधं कुणी विचारलंच नव्हतं. तू ते वाक्य ठरावाच्या अगदी सुरुवातीला लिहिलंस आणि तिलाच वाचायला लावलंस. दुपारपर्यंत भिंतीकडेचे सगळे तुझ्याभोवती होते. मी तिकडे खालच्या देशांना गोळा करत होते, माझ्या पद्धतीनं, म्हणजे घसा फोडून. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये दोन गट होते, एक तुझा, एक माझा. कोटवाल्यांचा मधला गट जिच्याकडे झुकेल तिचा ठराव मंजूर होणार होता.

त्यांचा म्होरक्या ईशान तुझ्याकडे आला. बोलायला गोड मुलगा. खालच्या देशांचं कलम तेवढं गाळ, म्हणाला, आमची सगळी मतं तुला, ठरावावर पहिलं नाव तुझं. सर्वोत्तम प्रतिनिधीचं बक्षीस त्या नावालाच मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. तू त्याला "सांगते" म्हणालीस आणि जिन्याखाली मला ओढून नेलंस.

"कलम मी गाळनार न्हाई," म्हणालीस. "पन तुझा शब्द मला बदलायचाय."

माझ्या गटाकडून तुझ्या मसुद्यात आलेल्या त्या कलमात होतं, दुष्काळात वरच्या देशांनी ठरलेलं पाणी सोडलंच पाहिजे. तुला हवं होतं, सगळे देश एकत्र बसून ठरवतील.

मी भडकले. "बसतील म्हणजे नुसते बसतील. पाणी कधीच सोडणार नाहीत. तू तुझ्या भावाला हे वाचून दाखवशील?"

"माझ्या भावालाच दाखवायचंय. 'सोडलंच पाहिजे' लिहिलं तर माझी मानसं उठून जातील, मने. ठराव पडंल. मग भावाला काय दाखवू, तुझं भाषन?"

"मग बसणं तरी सक्तीचं कर. दर वर्षी. आणि त्या बैठकीचा अध्यक्ष शेवटचा देश."

तू पळत तुझ्या माणसांकडे गेलीस. लांबून तुझे हात तेवढे हलताना दिसत होते. परत आलीस तेव्हा घामानं डबडबली होतीस. "मानलं त्यांनी. आता तू तुझी सांभाळ."

माझी माणसं सांभाळणं तुझ्याहून अवघड गेलं. त्यांना मीच तर दोन दिवस "सोडलंच पाहिजे" म्हणून पेटवलं होतं. आता त्यांच्यापुढं जाऊन आवाज खाली आणून बोलायचं, त्यांच्या शिव्या ऐकायच्या आणि तरी तिथून हलायचं नाही, हे मी त्या अर्ध्या तासात शिकले. आपले दोन्ही गट एक झालेले पाहिल्यावर कोटवाल्यांना यावंच लागलं. ठराव मंजूर झाला. ती लहानखुरी मुलगी बाकावर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

बक्षीस ईशानला मिळालं. इंग्रजी वक्तृत्व, सभाधीटपणा, असं काहीसं परीक्षक म्हणाले. तू टाळ्या वाजवल्यास, त्याचं अभिनंदन केलंस, सगळ्यांशी हसून बोललीस. एसटीत बसल्यावर सुप्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलीस आणि मग एकदम रडायला लागलीस. मी म्हटलं, जाऊ दे ना, ठराव तर आपला झाला. तू डोळे पुसत म्हणालीस, "ते हाय गं. पन मला पायजे हुतं ते बक्षीस. खोटं कशाला बोलू?" मला तू त्या दिवशी सगळ्यात जास्त आवडलीस.

पुढे तू ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागलीस, मी नगरच्याच नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामगार विभागात. पण जिन्याखालचं भांडण काही मिटलं नाही. धरणातून पाणी सोडण्याची बातमी आली की तुझा फोन ठरलेला. "बसले का न्हाई शेवटी?" सोडलं नाही की माझा फोन. "बघ, नुसते बसले." कितीदा तेच बोललो असू. तुझी आई एकदा म्हणाली, "पोरींनो, दुसरं काय बोलायला न्हाई का तुमाला?" खरंच नव्हतं गं. आपलं सगळं त्यातच बोलून व्हायचं. तुझं लग्नाला नको म्हणणं, माझं नोकरी सोडावी का नको, सगळं त्या दोन शब्दांच्या मधल्या जागेतच बोललो आपण.

तुझ्या कॉलेजात तू मराठीतून सभा भरवायला लागलीस तेव्हा मी म्हणाले होते, इंग्रजी नसेल तर बाहेर कोण विचारणार? तू म्हणालीस, "इंग्रजीत भांडायला यांना दोन वर्सं लागतील. मराठीत आजच भांडतील." मला दर वर्षी अध्यक्ष म्हणून बोलवायचीस. अकोल्याकडची मुलंही आणायचीस, आणि मॅडमसारखंच, प्रत्येकाला मुद्दाम उलट्या बाजूचा देश द्यायचीस.

एका वर्षी एका मुलाचे वडील तावातावानं हॉलमध्ये शिरले. पांढरी टोपी, पायात चिखल, तसेच शेतातून आलेले. "माझ्या पोराला वरच्यांच्या बाजूनं बोलायला लावता व्हय? आमी टेलला मरतोय, आन् तुमी ह्याला हे शिकिवता?" प्राचार्य उठायला लागले. तू त्यांना हातानं थांबवलंस आणि त्या वडिलांना म्हणालीस, "दादा, त्याला नीट जमंना झालंय. तुमी बसा त्याच्या जागी. वरच्या देशाकडून बोला. मग जे काय मला बोलायचं ते बोला."

ते गोंधळले. बसले. मुलगा मागच्या बाकावर तोंड लपवून बसला. थोडा वेळ ते नुसते गुरगुरत होते. मग खालच्या देशाच्या एका पोरीनं वरच्यांना काहीतरी लागट सुनावलं, आणि हे ताडकन उभे राहिले. "अय पोरी, आमची गावं बुडाली धरनात. देव बुडाले. ते कोन भरून देनार? तू?" अकोल्याच्या मुलांनी बाकं वाजवली. ते थबकले. आपण हे बोललो यावर त्यांचाच विश्वास बसेना. जाताना तुझ्यापाशी येऊन म्हणाले, "म्याडम, हे लई वंगाळ शिकिवता तुमी. आता मला गावात भांडता येतंय व्हय?" तू पोट धरून हसलीस. पुढच्या वर्षी ते चहाचं सामान घेऊन स्वतःच हजर.

दवाखान्यात तुला भेटायला आले तेव्हा तू उशीला टेकून बसली होतीस. मी तब्येतीचं विचारलं तर तू हात हलवून उडवून लावलंस. "ते डॉक्टर बघतील. मने, एकदा तरी म्हन, की त्या वेळी मी बरोबर हुते."

एका शब्दानं तुला बरं वाटणार असेल तर काय हरकत होती? पण मी म्हणाले, "नाही म्हणणार. 'सोडलंच पाहिजे' हेच बरोबर होतं."

तुझा चेहरा असा काही खुलला! "बरं झालं बाई," म्हणालीस. "आजकाल लोक मला कशालाबी व्हय म्हनत्यात. लई कटाळा आलाय." मग आपण अर्धा तास तेच जुनं भांडण भांडलो, वर्षानुवर्षांच्या सगळ्या मुद्द्यांसकट. नर्स येऊन म्हणाली, पेशंटला बोलू देऊ नका. तू तिला म्हणालीस, "बोलतीय कुठं? हिला हरवतीय." निघताना तू माझा हात दाबलास. तेवढंच.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. सांगेन म्हणून ठेवलेली, भांडणात राहून गेली. आमच्या कारखान्यात पगारवाढीची बोलणी अडून बसली होती. युनियन उठून गेलेली, मालक फोन घेईना. मी दोघांकडे वेगवेगळी गेले आणि तुझा तो प्रश्न विचारला, भिंतीकडेच्या खुर्च्यांवरचा. युनियनच्या म्हाताऱ्या पुढाऱ्यानं बराच वेळ तंबाखू मळली आणि म्हणाला, पगाराचं बघू हो, कामावरून काढलेल्या दोन पोरांना परत घ्या, त्यांच्या आया रोज माझ्या दारात येतात. हे टेबलावर कधी आलंच नव्हतं. मालकालाही नुसतं एवढंच हवं होतं, की आपण वाकलो असं दिसू नये. करार झाला. तेव्हापासून प्रत्येक बोलणीत मी तो प्रश्न विचारते. माझी रोजीरोटी त्यावर चालते म्हटलं तरी चालेल. साहेब म्हणतात, मॅडम, तुमच्याकडे हातोटी आहे. मी नुसती हसते. ती हातोटी घोडेगावची आहे, अश्वे. हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू दोन दिवस नाक वर करून फिरली असतीस, आणि मला ते बघायला फार आवडलं असतं.

आता या आठवड्यातलं सांगते.

तू आजारपणातही या वर्षीची सभा ठरवून ठेवली होतीस. विषय तूच दिलेला: मेंढरं घेऊन सीमेपलीकडे चरायला जाणारी माणसं, आणि दोन्ही बाजूंचे देश. तू गेल्यावर प्राचार्यांनी मला बोलावलं. सभा घ्यायची की रद्द करायची, मुलांमध्ये दोन तट पडले होते. तुझी लाडकी ऋतुजा म्हणत होती, मॅडम नाहीत तर सभा नाही, मला बोलताच येणार नाही. दुसरी बाजू म्हणत होती, मॅडमनी ठरवलेली सभा आपण मोडायची? दोन्हीकडे डोळे लाल होते. सगळे माझ्याकडे बघायला लागले, की आता ह्या निकाल देतील.

मी दिला नाही. म्हटलं, मोकळा वेळ. बसा आणि ठरवा. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. आत आधी नुसता आवाज होता, मग हळूहळू एकेकाचाच आवाज यायला लागला. ऋतुजाला कुणीतरी विचारत होतं, तुला नेमकं काय नकोय? ती म्हणाली, "मॅडमच्या हॉलमधी जायला नको वाटतंय." एवढंच होतं ते. त्यांनी बाहेर येऊन मला सांगितलं: सभा होईल, पण हॉलमध्ये नको. मॅडमच्या घरी, अंगणात. आईंनी कधी ऐकली नाही, त्यांना ऐकवू.

तुझ्या आईला विचारायला ऋतुजाच गेली. आई म्हणाली, "या की."

काल झाली सभा. तुझ्या भावानं अंगणात सतरंज्या टाकल्या. बाहेरच्या रस्त्यावर ट्रकांचा आवाज, त्यामुळे पोरांना ओरडून बोलावं लागत होतं. आई ओट्यावर बसली होती, पदर कानामागं खोचून, कारण तिला नीट ऐकायचं होतं. इतके दिवस तिच्या चेहऱ्यावर काही हललेलं मी पाहिलं नव्हतं. काल एका देशानं मेंढपाळांना सीमेवर अडवायची भाषा केली तेव्हा ती पुटपुटली, "मंग ती जित्राबं काय वाऱ्यावर सोडायची?" पोरांनी ऐकलं. कुणी हसलं नाही. एकानं ते भाषणात घेतलं.

ऋतुजा रस्ता बंद करू पाहणाऱ्या देशाची होती. सुरुवातीला तिचा आवाज फुटेना. मग फुटला. तिनं तिच्या देशाची बाजू इतकी नेटानं लढवली, की तू असतीस तर वही फेकून टाळ्या वाजवल्या असत्यास. तरी ठराव तिच्या विरोधातच तयार झाला, रस्ता मोकळा ठेवायचा म्हणून. मी मतदान पुकारलं. हात वर झाले. मोजायला लागले, आणि पाहते तर ओट्यावर तुझ्या आईचाही हात वर.

एकजण हळूच म्हणाला, "आजींना मत नाहीये, मॅडम. नियमात बसत नाही."

ऋतुजा उभी राहिली. जिच्या विरोधात ठराव जात होता ती. "धरा मॅडम," म्हणाली. "आमच्या देशाची काही हरकत न्हाई."

मी धरलं ते मत. त्याच्यावाचूनही ठराव मंजूर झालाच असता, पण आकडा मी ते धरूनच वाचला. आईनं हात खाली घेतला आणि आत जाऊन चहाला आधण ठेवलं. चहा झाला, पोरांनी सतरंज्या झटकून घड्या घातल्या, भावानं टेम्पो बोलावला. निघताना आई फाटकापर्यंत आली.

"मला वाटायचं, ही शाळंत नुसती भासनं देती," म्हणाली. मग पोरांकडे पाहून विचारलं, "पुन्यांदा कधी भरवनार?"

पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तारीख सांगून आले आहे, अश्वे.